विंडोज ११ : अपग्रेड करावे की फॉरमॅट मारावे?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत दुरुस्तीसाठी संगणक घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते : “सर, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाका, एकदाचं सुटू दे.” संगणक संथ चालतो, प्रिंटर ओळखत नाही, काहीतरी व्हायरस शिरला आहे, अशा प्रत्येक दुखण्यावर हेच औषध मागितले जाते आणि पुष्कळदा ते लागूही पडते. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवल्यापासून असेही संगणक येऊ लागले आहेत, ज्यांना काहीच झालेले नाही. त्यांना फक्त विंडोज ११ वर न्यायचे आहे. ज्याचे काही दुखत नाही, त्याचेही सरसकट सगळे पुसून टाकावे काय, हा प्रश्न विचारूनच कामाला हात घालावा.

सीमाभागातील पतसंस्था, शाळा, छापखाने आणि किराणा-अडत दुकानांचे संगणक सांभाळताना माझ्यापुरता एक नियम ठरला आहे. ज्या संगणकावरील प्रत्येक प्रोग्रॅमचा सेटअप, परवाना आणि फॉन्ट आपल्या हाताशी आहे, तो खुशाल फॉरमॅट करावा. ज्यावर एक जरी गोष्ट अशी आहे की ती पुन्हा कोठून आणायची हे कोणालाच सांगता येत नाही, त्यावर आधी अपग्रेडच करून पाहावे. संगणक किती संथ आहे हा विचार त्यानंतरचा.

दोन्हींत नेमके काय होते

अपग्रेडमध्ये नवी विंडोज जुनीच्या जागी बसते, पण तुमचे प्रोग्रॅम, फॉन्ट, प्रिंटर, वाय-फायचे पासवर्ड आणि डेस्कटॉपवरच्या फाइली होत्या तिथेच राहतात. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये दहा दिवस ठेवलेली असते, आणि तेवढ्या मुदतीत सेटिंग्जमधील रिकव्हरी या पानावरून ‘गो बॅक’ म्हणून मागे फिरता येते. फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकताना, म्हणजे क्लीन इन्स्टॉल करताना, सी ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. जुना कचरा, बिघडलेले ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम), अर्धवट काढलेले अँटिव्हायरस हे सारे जाते आणि त्याबरोबर तुमची कामाची मांडणीही जाते. येथे मागे फिरण्याची सोय नाही.

‘रीसेट धिस पीसी’ हा तिसरा मार्ग दोघांच्या मधला आहे. त्यात तुमच्या वैयक्तिक फाइली ठेवता येतात, पण प्रोग्रॅम जातात. घरच्या लॅपटॉपला तो बरा. हिशेबाच्या किंवा छपाईच्या संगणकासाठी मी तो सुचवत नाही, कारण तिथे प्रोग्रॅम हीच खरी मालमत्ता असते.

आधी पात्रता पाहावी

विंडोज ११ साठी ६४ बिटचा, दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, युईएफआय या नव्या पद्धतीचा व सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू शकणारा बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ४ जीबी रॅमवर ते चालू होते, पण त्यावर काम करणाऱ्याला रोज त्रास होतो. ८ जीबी हवीच असे धरून चालावे. प्रोसेसर ओळखण्याची सोपी खूण अशी : इंटेलच्या आय३, आय५, आय७ या नावापुढे जो आकडा असतो त्यावरून पिढी कळते. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल आणि रायझन २००० मालिकेपासून पुढचे एएमडी प्रोसेसर साधारणपणे यादीत बसतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे छोटे ॲप उतरवून चालवले की हो किंवा नाही असे स्पष्ट उत्तर मिळते.

उत्तर ‘नाही’ आले तरी लगेच नवा संगणक घेण्याची घाई करू नये. पुष्कळ संगणकांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडते. दुसरी अडचण डिस्कच्या मांडणीची असते. जुनी हार्ड डिस्क एमबीआर पद्धतीने विभागलेली असेल तर युईएफआय त्यावरून चालू होत नाही. ती डेटा न पुसता जीपीटी पद्धतीत बदलण्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाची आज्ञा आहे, पण त्या डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी विभाग असावेत आणि एक्स्टेंडेड विभाग (ज्याच्या पोटात आणखी ड्राइव्ह असतात) मुळीच नसावा, अशी तिची अट आहे. आमच्या भागात जुन्या काळी प्रत्येक संगणकाला सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह करून देण्याची पद्धत होती आणि त्यांतले शेवटचे दोन-तीन बहुधा एक्स्टेंडेडच्या पोटात असतात. अशा डिस्कवर ही आज्ञा सरळ नकार देते. मग सगळा डेटा बाहेर काढून पूर्ण डिस्क नव्याने मांडणे, म्हणजेच फॉरमॅट, हाच सरळ मार्ग बहुधा उरतो.

विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, ही आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सध्याची विंडोज १० ही ३२ बिटची असेल तर प्रोसेसर चांगला असूनही अपग्रेड होणार नाही. सेटिंग्जमधील सिस्टिम, मग अबाउट, या पानावर ‘सिस्टिम टाइप’ पुढे हे लिहिलेले असते.

संगणक खरोखरच यादीबाहेरचा असेल तर यादीतील अटी चुकवून विंडोज ११ घुसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावर लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे, त्यावर मी हा प्रयोग करत नाही. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते, आणि नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरच होते. त्यात नवी सोय काही मिळत नाही, फक्त वेळ मिळतो.

निर्णय कसा करावा

कागद घ्यावा आणि संगणकावर रोज उघडला जाणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्यावर लिहावा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : सेटअप कोठे आहे, परवाना किंवा की कोणाकडे आहे, आणि तो प्रोग्रॅम कोणत्या उपकरणावर अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी हा कागद भरतानाच उत्तर मिळते. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर ब्राउझर, ऑफिस आणि झूम यांपलीकडे काही नसते. तिथे क्लीन इन्स्टॉल अर्ध्या दिवसात आटोपतो. पतसंस्थेच्या काउंटरवरील संगणकावर मात्र एखाद्या स्थानिक प्रोग्रॅमरने पूर्वी लिहून दिलेले सॉफ्टवेअर असते, तो प्रोग्रॅमर आता पुण्यात किंवा दुबईत असतो, आणि पासबुक छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे समास कोणीतरी एकदा जुळवून दिलेले असतात. असा संगणक पुसण्याचे धाडस करू नये.

संगणक संथ असणे हे एकट्याने फॉरमॅटचे कारण होत नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ कशीही टाकली तरी ती रांगतच चालते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन केली तर पुष्कळांना फॉरमॅटची गरजच उरत नाही. उलट, निळा पडदा वारंवार येत असेल, अपडेट दरवेळी अर्ध्यावर अडकत असेल किंवा व्हायरस शिरल्याची खात्री असेल, तर अपग्रेड करू नये, कारण अपग्रेड तेच दुखणे नव्या विंडोजमध्ये घेऊन जाते.

फॉन्ट

या विषयावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण दोन भाषांत काम करणाऱ्या आपल्या भागात सर्वाधिक नुकसान येथेच होते, आणि त्यातले एक माझ्याच हातून झाले आहे.

तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आदल्या आठवड्यात एका छापखान्याच्या मालकांनी संगणक नवा करून मागितला. मी सगळे काम डी ड्राइव्हवर हलवले, विंडोजमधील फॉन्ट्स फोल्डर नीट उचलून घेतला, सी ड्राइव्ह पुसला आणि संध्याकाळपर्यंत विंडोज, पेजमेकर, प्रिंटर सगळे बसवून दिले. दुसऱ्या दिवशी मालकांनी नमुन्यासाठी गेल्या वर्षीची पत्रिका उघडली. ‘श्री गणेशाय नमः’ असायला हवे तिथे इंग्रजी अक्षरे, आकडे आणि कंस यांची एक ओळ होती. खालचा कन्नड मजकूर मात्र व्यवस्थित दिसत होता. “कन्नड येतंय आणि आपलं मराठीच गेलं काय हो?” असे ते म्हणाले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

कारण नंतर कळले. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून साधे ‘इन्स्टॉल’ म्हटले की तो फॉन्ट सर्वांसाठीच्या फोल्डरमध्ये जात नाही, फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. त्याची जागा वेगळी असते : सी ड्राइव्हवर युजर्स, त्यात वापरकर्त्याचे नाव, मग ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. ॲपडेटा हा फोल्डर लपलेला असतो. तिथल्या ऑपरेटरने मराठी फॉन्ट असाच बसवला होता. कन्नडचा फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत सर्वांसाठी बसला होता, म्हणून तो वाचला. शेवटी मराठी फॉन्ट त्याच ऑपरेटरच्या जुन्या पेनड्राइव्हमध्ये सापडला. तेव्हापासून मी दोन्ही फोल्डर उचलतो.

श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारखे जुने मराठी फॉन्ट किंवा नुडीचे जुने कन्नड फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर भारतीय अक्षरे बसवून बनवलेले असतात. मजकूर आत इंग्रजी अक्षरांतच साठवलेला असतो आणि फॉन्ट त्याला मराठीचे रूप देतो. त्यामुळे नेमका तोच फॉन्ट नसेल तर दुसरा कोणताही मराठी फॉन्ट उपयोगी पडत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरावर हे संकट येत नाही. फार तर अक्षराचे वळण बदलते. तेवढेही काही वेळा महागात पडते. विंडोज १० पासून मंगल आणि कन्नडचा तुंगा हे फॉन्ट मूळ विंडोजमध्ये येत नाहीत. त्यांच्याऐवजी निर्मला हा एकच फॉन्ट दोन्ही लिप्या दाखवतो. मंगलमध्ये बांधलेली शाळेची प्रश्नपत्रिका नव्या विंडोजवर उघडली की ओळी सरकतात आणि दोन पानांची तीन पाने होतात. उपाय सोपा आहे : सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरी आणि कन्नड या दोन्हींचे सप्लिमेंटल फॉन्ट बसवून घ्यावेत. अपग्रेडमध्ये हे फॉन्ट सहसा जागेवर राहतात.

काही फॉन्ट-सॉफ्टवेअर यूएसबीच्या हार्डवेअर लॉकवर चालतात, ज्याला सगळे डोंगल म्हणतात. क्लीन इन्स्टॉल केलेल्या विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा पात्र संगणकावर आपोआप चालू होते आणि जुन्या डोंगलचा ड्रायव्हर तिला चालत नाही असे घडू शकते. डोंगलचा दिवा लागत नसेल किंवा ‘लॉक सापडत नाही’ असा संदेश आला तर आधी विंडोज सिक्युरिटीमधील ‘कोअर आयसोलेशन’ हे पान पाहावे आणि उत्पादकाकडून नवा ड्रायव्हर मागावा. ती सुरक्षा बंद करणे हा शेवटचा उपाय.

बॅकअप

“माझं सगळं डी ड्राइव्हलाच आहे” हे वाक्य ऐकले की मी आधी डेस्कटॉप पाहतो. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही सी ड्राइव्हवर असतात. यांखेरीज आउटलुकची पीएसटी, म्हणजे ई-मेल साठवणारी, फाइल, ब्राउझरमधील बुकमार्क व पासवर्ड आणि टॅलीचा डेटा फोल्डर हे नेहमी राहून जाणारे. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्यावा आणि त्याशिवाय डेटा फोल्डर जसाच्या तसा वेगळा उतरवावा. नंतर टॅलीचा परवाना सरेंडर करून, म्हणजे या संगणकावरून सोडवून, मगच संगणक पुसावा, म्हणजे नव्या विंडोजवर तो पुन्हा चालू करताना अडचण येत नाही.

वनड्राइव्ह चालू असेल तर आणखी एक फसगत होते. डेस्कटॉपच्या फाइली तिथे दिसतात, पण ज्यांच्याजवळ ढगाचे चिन्ह असते त्या प्रत्यक्षात संगणकावर नसतात. अशा फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे, सगळे उतरू द्यावे आणि मग कॉपी करावे.

कॉपी पूर्ण झाली म्हणजे बॅकअप झाला असे मी मानत नाही. ती हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातल्या चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात, आणि महत्त्वाचे असेल ते आणखी एका जागी ठेवावे. जीएसटी आणि आयकरासाठीच्या डिजिटल सहीच्या टोकनची काळजी नको. सही टोकनच्या आत असते आणि फॉरमॅटने तिला काही होत नाही. नवा ड्रायव्हर टाकताना मात्र चुकूनही टोकन ‘इनिशियलाइज’ करू नये, कारण त्याने आतली सही पुसली जाते.

अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी

खानापूरकडच्या एका शिक्षकांचा लॅपटॉप माझ्याकडे आला. टीपीएम चालू करण्यासाठी कोणीतरी बायोसमध्ये बदल केला होता आणि आता तो सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागत होता. ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्याच सोयीने, बंद केलेला होता. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर लॅपटॉप चालू केला असेल त्या खात्यात साठवलेली असते. गुरुजींनी स्वतःचा ई-मेल दिला, तिथे की नव्हती. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप देताना दुकानातल्या मुलाने घाई म्हणून स्वतःच्याच ई-मेलवर चालू करून दिला होता. तो मुलगा सापडला म्हणून निकालपत्रके वाचली.

यावरून दोन गोष्टी पाळाव्यात. बायोसला हात लावण्यापूर्वी कंट्रोल पॅनलमधील बिटलॉकरच्या पानावर जाऊन संरक्षण तात्पुरते थांबवावे, म्हणजे ‘सस्पेंड’ करावे, आणि की कागदावर उतरवून घ्यावी. होम आवृत्तीत हेच कुलूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने सेटिंग्जमध्ये दिसते. दुसरे, संगणक मालकाच्याच खात्यावर चालू करावा. दुरुस्ती करणाऱ्याला वेळ नसेल तर ती पायरी अर्धवट सोडून द्यावी, पण स्वतःचा ई-मेल घालू नये. २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने क्लीन इन्स्टॉल केल्यावर हे कुलूप बहुतेक संगणकांवर आपोआप लागते, त्यामुळे हा प्रसंग पुढे वाढतच जाणार आहे.

अपग्रेडच्या पायऱ्या

सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी जागा मोकळी करावी. बाहेरचे अँटिव्हायरस काढून टाकावे. नंतर पुन्हा टाकता येते. कीबोर्ड आणि माउस सोडून प्रिंटर, पेनड्राइव्ह, डोंगल, बाहेरची हार्ड डिस्क असे सारे काढून ठेवावे. विंडोज १० ची राहिलेली अपडेट पूर्ण करून एकदा रीस्टार्ट करावे.

विंडोज अपडेटच्या पानावर विंडोज ११ दिसत असेल तर तिथूनच सुरू करावे. दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ घ्यावा. इंटरनेट कमकुवत असेल किंवा चार-पाच संगणक करायचे असतील तर आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण विंडोज सामावलेली एकच फाइल, एकदाच उतरवून, तिच्यावर डबल क्लिक करून आतील सेटअप चालवावा. या शेवटच्या पद्धतीत एक खोच आहे. सेटअप विचारतो की काय ठेवायचे, आणि तिथे ‘फाइल आणि ॲप दोन्ही ठेवा’ हा पर्याय कधी कधी फिका, निवडता न येणारा दिसतो. बहुतेक वेळा त्याचे कारण भाषेचे असते : संगणकावरील विंडोज मुळात अमेरिकन इंग्रजीत बसवलेली असते आणि उतरवलेली आयएसओ ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ असते, किंवा उलट. अशा वेळी पुढे जाऊ नये. सेटअप बंद करून योग्य भाषेची आयएसओ उतरवावी. पुढे गेलात तर प्रोग्रॅम जातील आणि अपग्रेडचा हेतूच फसेल.

नंतर वाट पाहायची असते. एसएसडीवर तासाभराचे काम, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही लागतो. टक्केवारी एकाच आकड्यावर वीस-पंचवीस मिनिटे थांबते आणि संगणक दोन-तीन वेळा आपोआप बंद-चालू होतो. त्याने घाबरून बटण दाबू नये. आषाढात जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस लागला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम त्या दिवसांत सुरूच करू नये. लॅपटॉप असला तरी चार्जर लावलेला असावा.

काम संपल्यावर त्याच दिवशी कागदावरच्या यादीतील प्रत्येक प्रोग्रॅम उघडून, प्रत्येक प्रिंटरवर एक पान छापून पाहावे. मागे फिरण्याची मुदत दहाच दिवसांची असल्यामुळे महिनाअखेरीस लागणारे काम आधीच तपासणे बरे. पतसंस्थेत मी ही मुदत वाढवून ठेवतो : ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर डीआयएसएम या विंडोजमधल्याच साधनाच्या ‘सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो’ या आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत नेता येते. पहिले दहा दिवस संपण्यापूर्वीच हे करावे लागते, आणि या काळात डिस्क क्लीनअप चालवून ‘विंडोज डॉट ओल्ड’ उडवू नये.

क्लीन इन्स्टॉलच्या पायऱ्या

यातले निम्मे काम फॉरमॅटच्या आधीचे आहे. सध्याची विंडोज होम आहे की प्रो, हे पाहून लिहून ठेवावे, आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर ती डिजिटल परवान्याने चालू असल्याची खात्री करावी. तसे असेल तर नव्याने टाकताना की मागितली असता ‘माझ्याकडे की नाही’ असे सांगून तीच आवृत्ती निवडावी. इंटरनेट मिळताच ती आपोआप चालू होते. होमच्या जागी प्रो टाकली तर होणार नाही. विंडोज ७ आणि ८ च्या जुन्या कीवर नवी विंडोज चालू करून घेण्याची सोय २०२३ मध्ये बंद झाली. आणि क्रॅक मारलेली विंडोज असेल तर मालकाला तसे स्वच्छ सांगावे. फॉरमॅटनंतर परवान्याचा खर्च येणार आहे, हे त्याला आधी कळलेले बरे.

संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून लॅन, वाय-फाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. डिस्क बिघडली असे वाटते, पण खरे तर व्हीएमडीचा, म्हणजे इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून द्यावा लागतो. वाय-फायचा ड्रायव्हर मिळाला नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे. बहुतेक वेळा तेवढ्याने सेटअप पुढे सरकतो.

निदान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने त्यावर विंडोज तयार करावी. त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावेत. संगणक चालू करताना बूट मेन्यूचे बटण दाबावे : डेल, लेनोवो व एसरवर साधारणपणे एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर युईएफआय लिहिलेली नोंद निवडावी.

आता सर्वांत धोक्याचा पडदा येतो. येथे सी आणि डी अशी अक्षरे दिसत नाहीत. ‘डिस्क ० पार्टिशन ३’ अशी नावे आणि आकार दिसतात. म्हणून आधीच डिस्क मॅनेजमेंटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि आकारावरून विभाग ओळखावेत. डी ड्राइव्ह ठेवायचा असेल तर जुन्या सी ड्राइव्हचा विभाग आणि त्याच डिस्कवरचे सिस्टिम, रिझर्व्हड व रिकव्हरी हे छोटे विभाग तेवढे काढावेत, उरलेली मोकळी जागा निवडावी आणि पुढे जावे. लागणारे विभाग विंडोज स्वतः करते. डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर दुसऱ्या डिस्कची केबल काढूनच काम करावे. नाहीतर बूटची फाइल दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसण्याची आणि पुढे कधी ती डिस्क काढली की संगणक सुरूच न होण्याची शक्यता राहते. शंका असेल तर डिलीटचे बटण दाबू नये, संगणक बंद करावा. तोपर्यंत काहीच गेलेले नसते.

पुढे भारत हा प्रदेश, मालकाचे खाते आणि त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी एवढे लागते. त्यामुळे मालकाला समोर बसवूनच ही पायरी करावी. विंडोज उघडल्यावर आधी विंडोज अपडेट पूर्ण चालवावे, मग राहिलेले ड्रायव्हर, मग भाषा. ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही जोडावी. जुन्या वळणाच्या टायपिस्टसाठी इनस्क्रिप्ट ठेवावे. इतरांसाठी फोनेटिक कीबोर्ड सोपा पडतो. विंडोज आणि स्पेस ही बटणे एकदम दाबून भाषा बदलते, हे काउंटरवरच्या माणसाला दोनदा करून दाखवावे, कारण तहसीलदार कचेरीचा अर्ज कन्नडमध्ये आणि सभेची नोटीस मराठीत अशी त्याची दिवसभर ये-जा चालते. त्यानंतर फॉन्ट बसवावेत, आणि या वेळी उजवे क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडावे. ऑफिस, टॅली, प्रिंटर, सहीचे टोकन आणि डोंगल यानंतर.

बॅकअपची हार्ड डिस्क लगेच दुसऱ्या कामाला देऊ नये. एक महिनाअखेर आणि एक जीएसटी विवरणपत्र नव्या विंडोजवरून भरून होईपर्यंत ती कपाटातच राहू द्यावी, आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख, संगणकाचे नाव आणि कोणत्या ई-मेलवर विंडोज चालू केली आहे ते पेनाने लिहावे.